ई-सिगारेटचे धोके व युवकांचे मानसिक आरोग्य : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या ग्रामीण जीवनात तंबाखू ही काही नवी वस्तू नाही. चुना लावून तळहातावर मळलेली तंबाखू, मावा, मिसरी अशा विविध रूपांनी ती घराघरांत पोहोचली आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. ‘शीण जातो’, ‘डोके शांत होते’ ही त्यामागील नेहमीची कारणे होत. ताणावर निकोटीन हा उपाय आहे, ही समजूत अशा रीतीने पुढील पिढीकडे वारशाने येते. ई-सिगारेट याच समजुतीचा आधार घेते. प्रस्तुत लेखात या साधनाचे धोके आणि युवकांना उपलब्ध असलेले मानसिक आधाराचे मार्ग यांचे विवेचन केले आहे.

ई-सिगारेटचे स्वरूप :
बॅटरीवर तापणारी तार आणि निकोटीनमिश्रित द्रव हे या साधनाचे मुख्य घटक होत. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन व सुगंधी द्रव्ये असतात. हा द्रव तापून जे बाहेर पडते त्यास ‘वाफ’ म्हटले जात असले तरी ती पाण्याची वाफ नव्हे. तिच्यात अतिसूक्ष्म कण, फॉर्माल्डिहाइडसारखी रसायने आणि निकेल, शिसे यांसारख्या धातूंचे अंश आढळतात. तंबाखूचा वास नसल्याने व आकार पेनसारखा असल्याने पालकांच्या व शिक्षकांच्या ते सहज लक्षात येत नाही. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वयोगटातील २.८ टक्के विद्यार्थ्यांनी ई-सिगारेट कधी ना कधी वापरल्याचे आढळले. शिक्षणासाठी लातूर, पुणे येथे राहणाऱ्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा विचार करता हा प्रश्न केवळ महानगरांचा मानता येत नाही.

शारीरिक धोके :
अमेरिकेत २०१९ मध्ये ई-सिगारेटशी संबंधित फुप्फुसविकाराची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्णांची व ६८ मृत्यूंची नोंद झाली. यातील बहुसंख्य रुग्णांनी गांजातील अमली घटक असलेला द्रव वापरला होता आणि त्यात मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटशी या विकाराचा घनिष्ठ संबंध आढळला. चोरट्या बाजारातील द्रवात काय मिसळले आहे, हे वापरणाऱ्यास कळत नाही, हा यातील महत्त्वाचा धडा होय.

निकोटीन व मानसिक आरोग्य :
मेंदूची वाढ साधारणतः पंचविशीपर्यंत चालू असते. या वयात निकोटीनचे व्यसन लवकर जडते व एकाग्रतेवर परिणाम होतो. निकोटीनमुळे मेंदूत डोपामिन स्रवते व क्षणिक बरे वाटते. काही वेळाने त्याचा प्रभाव ओसरताच चिडचिड, अस्वस्थता व उदासी सुरू होते. पुन्हा झुरका घेतला की ती शमते. म्हणजेच ज्याला युवक ‘ताण कमी होणे’ समजतो, ते पुष्कळदा निकोटीननेच निर्माण केलेल्या अस्वस्थतेचे तात्पुरते शमन असते. मूळ ताण मात्र तसाच राहतो.

या जिल्ह्यात तो ताण काल्पनिक नाही. वारंवारचे अवर्षण, शेतीमालाचा अनिश्चित भाव, घरावरील कर्ज आणि स्पर्धा परीक्षांतील दीर्घ प्रतीक्षा यांचे ओझे युवकांच्या मनावर असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. म्हणूनच ‘व्यसन सोड’ एवढा उपदेश पुरेसा ठरत नाही. व्यसन व ताण या दोहोंचा विचार एकत्रितपणेच करावा लागतो.

कायदेशीर तरतुदी :
केंद्र शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाद्वारे व त्याच वर्षी कायद्याद्वारे ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक व जाहिरात यांवर बंदी घातली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. केवळ सेवनासाठी मात्र या कायद्यात स्वतंत्र शिक्षा नाही. कायद्याचा रोख मुख्यतः व्यापारावर आहे. महाविद्यालयाने विद्यार्थ्यास अपराधी ठरवून काढून टाकल्यास तो मदतीपासूनच दूर जातो, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

आधाराचे मार्ग :
१) ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी समुपदेशन सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. येथे मराठीतून बोलता येते.
२) तंबाखूमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ उपलब्ध आहे.
३) २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत १० ते १९ वयोगटासाठी महाराष्ट्रात ‘मैत्री’ क्लिनिक चालविली जातात.
४) मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे.

या जिल्ह्याजवळ स्वतःचा अनुभवही आहे. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर उस्मानाबाद व यवतमाळ जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान राबविले गेले. त्याच वर्षी आलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन तणावग्रस्तांची विचारपूस करावी, अशी रचना होती. खचलेला माणूस स्वतःहून दवाखान्यात येत नाही, त्याच्यापर्यंत जावे लागते, हे तत्त्व तीमागे होते. महाविद्यालयांनाही तेच लागू पडते. राष्ट्रीय सेवा योजना, वसतिगृह व अभ्यासिका यांच्या माध्यमातून प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांची विचारपूस केल्यास आणि त्यांचे बोलणे गोपनीय ठेवल्यास पुष्कळसे युवक वेळेत समुपदेशकापर्यंत पोहोचू शकतील.

समारोप :
ई-सिगारेट ताण घालवीत नाही. ती त्यात आणखी एका ताणाची भर घालते. विक्रेत्यावर कायद्याचा धाक आणि वापरणाऱ्या युवकास आपुलकीचा आधार अशी दुहेरी भूमिका घेतली तरच हा प्रश्न आटोक्यात येईल. मुलाच्या खिशात ते साधन सापडले, तर ‘हे कोठून आणले?’ या प्रश्नाआधी ‘तुला कसला त्रास होतो आहे?’ हा प्रश्न घरात व महाविद्यालयात विचारला जाणे अगत्याचे आहे.