पोकळी घडवणारे रेणू

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या बाजारात टीपीआर सोलची चप्पल सहज मिळते. हा सोल रबरासारखा वाकतो, तरी कारखान्यात प्लॅस्टिकसारखा वितळवून साच्यात घालता येतो. थर्मोकोल ज्याचा बनतो ते पॉलिस्टायरिन आणि रबरी पॉलिब्युटाडाईन यांचे तुकडे त्याच्या एकाच रेणूसाखळीत जोडलेले असतात. अशा साखळीला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. या दोन तुकड्यांचं आपसात पटत नाही आणि जोडलेले असल्यामुळे त्यांना फारकतही घेता येत नाही. ही कोंडी फार फलदायी ठरली आहे. तिच्यातून बनणाऱ्या नॅनोकणाचा आकार बाहेरून कोरावा लागत नाही, तो तुकड्यांच्या लांबीच्या प्रमाणात आधीच ठरलेला असतो.

हे प्रमाण हाती आलं ते १९५६ मध्ये. मायकेल श्वार्झ यांनी साखळीची वाढ मधेच न तुटू देणारी पद्धत दाखवली आणि हव्या त्या लांबीचे तुकडे एकापुढे एक जोडता येऊ लागले. आता एक तुकडा पाण्याला धार्जिणा आणि दुसरा पाण्याला टाळणारा घ्या. पाणीप्रेमी भाग मोठा असला की पाण्यात भरीव गोळे बनतात. तो कमी केला की दोरे आणि आणखी कमी केला की पत्रे बनतात. पत्र्याच्या उघड्या कडा पाण्याला भिडतात आणि ते ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडतं. म्हणून पत्रा वळतो, कडा मिटतात आणि पोकळ पिशवी तयार होते. इस्राएलाश्विली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या भूमितीचं गणित मांडलं.

कॅनडात आयझेनबर्ग यांनी १९९५ मध्ये एकाच जातीच्या साखळ्यांतून, फक्त लांबी बदलून, हे सारे आकार दाखवले. १९९९ मध्ये अमेरिकेत डिशर, हॅमर आणि सहकाऱ्यांनी अशा पिशव्यांना ‘पॉलिमरसोम’ म्हटलं. त्यांची भिंत पेशींच्या मेदपटलाहून सुमारे दहापट चिवट निघाली आणि तिच्यातून पाणी किमान दहापट कमी झिरपतं. औषधासाठी ही पिशवी मोलाची आहे, कारण पाण्यात विरघळणारं औषध पोकळीत राहतं आणि तेलकट औषध भिंतीत.

आता प्रयोगशाळेतली कृती पाहू. पॉलिस्टायरिनचा तुकडा असलेल्या साखळ्या सेंद्रिय द्रावकात विरघळवतात आणि सिरिंज पंपाने पाणी सावकाश सोडतात. नितळ द्रावण एका टप्प्यावर निळसर धुरकट होतं. पिशव्या जन्मल्याची ती खूण. मग पातळ पटलातून गाळत द्रावक बाहेर काढतात. या वेळी पिशवीच्या आतला दाब बदलतो आणि दाबलेल्या रबरी चेंडूसारखी तिची एक बाजू आत जाते. द्रावक संपला की पॉलिस्टायरिन काचेसारखं कडक होतं आणि वाटीचा आकार कायमचा थिजतो. नेदरलँड्समधल्या विल्सन, नोल्टे आणि व्हॅन हेस्ट यांनी २०१२ मध्ये अशा वाट्यांत प्लॅटिनमचे कण अडकवले. हायड्रोजन पेरॉक्साईड मिळताच त्या स्वतःहून पोहू लागल्या. पुढे आत बोगद्यांचं जाळं असलेले कणही बनले.

अडचणी खऱ्या आहेत. पॉलिस्टायरिन शरीरात विघटित होत नाही. म्हणून त्याऐवजी पॉलिलॅक्टिक आम्लाचे तुकडे वापरतात. याच जातीच्या साखळीचे भरीव कण वापरणारं ‘जेनेक्सॉल पीएम’ हे कर्करोगावरचं औषध दक्षिण कोरियात २००७ पासून मान्य आहे. जुन्या पद्धतीत द्रावणात जेमतेम एक टक्का माल निघे. इंग्लंडमध्ये आर्म्स यांच्या गटाने पाण्यातच साखळी वाढवत वाढवत ते प्रमाण कितीतरी पट वाढवलं.

गारगोटीत हा विषय आपुलकीने शिकवला जावा असं मला मनापासून वाटतं. इथलं मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक पुढे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. पहिल्या दहा इयत्तांत विज्ञान आणि गणित सर्वांना शिकवा, अशी त्या आयोगाची शिफारस होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या गावी येईल तेव्हा येईल, पण पोलोक्झॅमर ४०७ नावाचं ब्लॉक कोपॉलिमर आणि साधा फ्रिज तर मिळतो. त्याचं वीस टक्के द्रावण थंडीत पाण्यासारखं वाहतं आणि खोलीच्या उबेला घट्ट जेल होतं, कारण उबेत कण बनून दाटीवाटीने रचले जातात. बाटली उपडी केली तरी जेल सांडत नाही आणि पुन्हा गार केलं की ते वाहू लागतं. एवढा प्रयोग बारावीच्या वर्गात करता येतो. प्रमाणातून आकार जन्मतो हे ज्याने तिथे स्वतः पाहिलं, त्याला पुढचं सारं गणित वाचण्याची भूक लागेल.