नाव आधी तिचंच निघतं

बाई गरोदर राहिली की सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिनसोबत एचआयव्हीचीही तपासणी होते. नवरा बहुतेकदा त्या रांगेत नसतो. संसर्ग त्याच्याकडून आलेला असला, तरी घरात पहिला रिपोर्ट येतो तिच्या नावाचा. ‘हिनंच आणलं’ हा शिक्काही मग तिच्यावरच बसतो.

शरीरसंबंधातून बाईला लागण होण्याचा धोका पुरुषापेक्षा जास्त असतो. हे शरीराचं झालं. बाकीचं बरंचसं पैशांचं. भिवंडीला, सुरतेला किंवा ट्रकवर असणारा नवरा सणाला घरी आला की कंडोमचा विषय काढायचा कसा? तो संशय ठरतो, आणि किराणा, मुलांची फी तर त्याच्याच हाती. ‘संसारी बाईला कसला एड्स’ हा समज निव्वळ घातक.

नवरा गेल्यावर प्रश्न जमिनीचा. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं (१९५६) विधवा पहिल्या वर्गातली वारस. तरी सातबाऱ्यावर वारसनोंद होण्याआधीच तिची माहेरी रवानगी झालेली असते. राहत्या घरातून तिला असं हुसकावायला २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा मनाई करतो. तो १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. सासरच्यांना सांगणार कोण, हा भाग वेगळा.

एचआयव्हीवरची एआरटी औषधं सरकारी केंद्रांत २००४पासून मोफत मिळू लागली. केंद्रापर्यंत जायला एसटीचं तिकीटही बायकांना आता अर्धं. औषधं आणायला जायच्या दिवसाची मजुरी मात्र बुडतेच.

राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन (निःशुल्क) : १०९७