केबिनमधली ऊब आणि पाण्याचा हिशेब

नॉर्वेतलं ट्रॉम्सो शहर आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेला, 69 अंश अक्षांशापलीकडे आहे. तरीही तिथलं बंदर हिवाळ्यात गोठत नाही. अटलांटिककडून येणारा उबदार प्रवाह समुद्राचं तापमान शून्याच्या चार-पाच अंश वर राखतो. म्हणूनच जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही, त्या काळातही तिथल्या धक्क्याला शिडाच्या बोटी उभ्या दिसतात आणि काहींत माणसंही राहतात. अशा बोटीत रात्र काढणाऱ्याला थंडीइतकंच पाणीही छळतं. सकाळी छतातून थेंब टपकतात, गादी खालून ओली लागते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते.

बोटीला भोक नसतानाही हे पाणी येतं ते आतल्या माणसांकडून. स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 40 ग्रॅम बाष्प सोडतो. दोघं आठ तास झोपले की अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत मिसळतं. चहा, भात, ओले रेनकोट यांची भर वेगळीच. एक घनमीटर हवेत 20 अंशांना सुमारे 17 ग्रॅम बाष्प मावतं, 5 अंशांना जेमतेम 7 ग्रॅम. केबिनमधली उबदार हवा बोटीच्या गार भिंतीला टेकली की न मावणारं बाष्प तिथेच दव होऊन उतरतं. हीटर घेताना किलोवॅटच्या आकड्याआधी या पाण्याची वाट शोधावी लागते, ती यामुळेच.

पहिला प्रश्न भिंतीचा. साधारण दहा मीटर लांबीची फायबरग्लासची बोट घेऊ आणि केबिनचा पृष्ठभाग 35 चौरस मीटर धरू. भिंत 8 मिलिमीटर जाड, अस्तर काही नाही. बाहेर 5 आणि आत 20 अंश राखायचे तर अशा भिंतीतून अंदाजे अडीच किलोवॅट उष्णता सतत निसटत राहते. त्याच भिंतीला आतून 25 मिलिमीटर फोम चिकटवला तर गळती पाचव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात खिडक्या आणि झडपा उरतातच, म्हणून फायदा इतका पुरा पदरात पडत नाही. पण दव धरणारी गार भिंत झाकली जाते, हा लाभ मोठा.

नॉर्वेच्याच फ्रिड्चॉफ नान्सेन यांनी हे सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. 1893 मध्ये आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकायला निघालेल्या त्यांच्या ‘फ्राम’ जहाजाच्या केबिनना फेल्ट, कॉर्क, लाकूड, लिनोलियम आणि रेनडिअरचे केस यांचे थरावर थर दिलेले होते. आधीच्या ध्रुवीय मोहिमांत भिंतींवर बर्फ साचायचं, अंथरुणं गोठायची. तो त्रास टाळायचा, हे या बांधणीमागचं एक उघड कारण होतं.

आता ऊब आणायची कुठून? सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे स्वयंपाकाची गॅस शेगडी पेटती ठेवणं. एक किलो एलपीजी जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते आणि ती सगळी केबिनमध्येच राहते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाशी साचून एका ठिणगीची वाट पाहतो. खरा घातक मात्र ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. जानेवारी 2014 मध्ये इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात ‘एशकोल’ या मासेमारी बोटीवर दोन तरुण खलाशी झोपेतच गेले. ऊब मिळावी म्हणून त्यांनी गॅस शेगडीचं ग्रिल चालू ठेवलं होतं. बोटीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता.

विजेचा हीटर स्वच्छ. ना धूर, ना वाफ. पण तो धक्क्यावरच्या विजेवरच परवडतो. दीड किलोवॅटच्या हीटरला 12 व्होल्टवर 125 अँपिअर लागतात. 100 अँपिअर-तासांची बॅटरी तासाभराच्या आतच मान टाकते.

म्हणून लांब पल्ल्याच्या बहुतेक बोटी डिझेलकडे वळतात. एका लिटरमध्ये जवळजवळ 10 किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि इंजिनसाठी टाकी बोटीवर असतेच. त्यातही दोन घराणी आहेत.

पहिलं पंख्याच्या हीटरचं. एबरश्पेखर आणि वेबास्टो ही त्यातली जुनी जर्मन नावं. ट्रकचालकांच्या केबिनमध्येही हीच यंत्रं असतात. बंद कक्षात डिझेल जळतं, धूर आणि वाफ नळीने थेट बाहेर जातात आणि पंखा वेगळ्या वाटेने गरम हवा केबिनभर फिरवतो. एबरश्पेखरच्या दोन किलोवॅटच्या एका प्रचलित मॉडेलला 1.8 किलोवॅट उष्णतेसाठी तासाला 0.23 लिटर डिझेल आणि 22 वॅट वीज लागते. दिवसभर चालवलं तर साडेपाच लिटर डिझेल आणि 44 अँपिअर-तास. पंख्याला बाहेरची हवा ओढू दिली तर पाण्याचा प्रश्नही बराच सुटतो: 5 अंशांची दमट हवा 20 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 35 टक्क्यांच्या आसपास येते आणि ती केबिन सुकवू लागते. आतलीच हवा फिरवत ठेवली तर ओल आतच राहते. सतत मंद आचेवर ठेवलं तर या हीटरमध्ये काजळी धरते, म्हणून अधूनमधून तो पूर्ण जोरात चालवावा लागतो.

दुसरं घराणं ठिबक शेगडीचं. डेन्मार्कच्या रेफ्लेक्सच्या अशा शेगड्या मासेमारी बोटींवर रुळलेल्या आहेत. टाकीतून डिझेल थेंबाथेंबाने भांड्यात उतरतं, जळतं आणि धुराड्यातून धूर वर जातो. पंखा नाही, आवाज नाही, वीजही लागत नाही. जळण्यासाठी लागणारी हवा ती केबिनमधूनच ओढते, म्हणून दमट हवा धुराड्यावाटे निघून जाते. मात्र ताजी हवा आत यायची झडप कधीही बंद करता येत नाही. अडचण येते ती बोट कलल्यावर. भांड्यातलं तेल एका बाजूला जातं आणि शिडांवरून खाली येणारा वारा धुराड्यातून उलटा शिरू शकतो.

त्यामुळे बोट जाणार कुठे, यावर निवड ठरते. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ ही शिडाची बोट नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जानेवारी 2018 मध्ये केप हॉर्नला वळसा घालून गेली. तशा मार्गावर बोट दिवसेंदिवस कललेली असते. तिथे पंख्याचा हीटर अधिक भरवशाचा. महिनाभर एकाच खाडीत नांगर टाकून राहणाऱ्याने, विजेची चणचण असेल तर, ठिबक शेगडीच घ्यावी. पैसे मोजके असतील तर आधी अलार्म, मग फोम आणि शेवटी हीटर, हा क्रम चुकवू नये.

बोटीशी संबंध नसलेल्या वाचकालाही यातला एक नियम घरी लागू पडतो. बाथरूममधला गॅस गिझर हीदेखील बंद खोलीतली ज्योतच आहे. तो बाथरूमबाहेर बसवून घ्या. ते जमत नसेल तर त्याचा धूर नळीने बाहेर काढा आणि अंघोळीच्या वेळी झरोका उघडा ठेवा.