सी. टी. स्कॅनमधील कॉन्ट्रास्ट औषध : काही आवश्यक दक्षता

सी. टी. स्कॅनच्या वेळी शिरेवाटे 'डाय' द्यावी लागेल, असे रुग्णालयातून सांगण्यात आले की अनेक रुग्ण प्रथम आपल्या नेहमीच्या वैद्यांकडे येतात. तपासणीनंतर अंगावर पुरळ उठले तरीही ते आपल्याकडे किंवा औषधांच्या दुकानातच येतात. म्हणून या विषयाची माहिती आपणां सर्वांस असणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

ही औषधे आयोडीनयुक्त असून क्ष-किरण शोषून घेत असल्यामुळे रक्तवाहिन्या व अवयव चित्रात स्पष्ट दिसतात. जुन्या आयनिक औषधांची परासरणीयता रक्ताच्या अनेक पट असल्याने त्रास अधिक होत असे. आयोहेक्सॉलसारखी सध्याची नॉन-आयनिक औषधे पुष्कळच सुरक्षित आहेत. देतेवेळी अंगात उष्णता जाणवणे व तोंडाला धातूसारखी चव येणे स्वाभाविक असून ती ॲलर्जी नव्हे.

पूर्वतयारी : सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, अशाच औषधाने पूर्वी त्रास झाला होता काय? दमा वा अन्य ॲलर्जी, मूत्रपिंडाचे विकार आणि थायरॉइडची अतिक्रियाशीलता यांचीही विचारणा व्हावी. मासे अथवा कोळंबी सोसत नसेल तर हे औषध वर्ज्य, हा समज मात्र निराधार आहे. त्या ॲलर्जीचे कारण आयोडीन नसून त्यातील प्रथिने होत.

मेटफॉर्मिन घेणाऱ्या प्रत्येकाने ते बंद करण्याचे कारण नाही. ई.जी.एफ.आर. ३० पेक्षा कमी असल्यास अथवा मूत्रपिंडास तीव्र इजा झालेली असल्यास ते तपासणीच्या वेळी थांबवून, ४८ तासांनंतर मूत्रपिंडाचे कार्य तपासूनच पुन्हा सुरू करतात. कॉन्ट्रास्टमुळे मूत्रपिंड मंदावल्यास मेटफॉर्मिन शरीरात साचते व रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. औषधविक्रेत्यांनी अशा रुग्णास डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गोळ्या पुन्हा सुरू करण्यास सांगू नये.

आपण देत असलेल्या सर्व कल्पांची व काढ्यांची यादी रुग्णासोबत लिहून द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. रुग्ण स्वतःहून घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्यांचीही त्यात नोंद असावी, कारण त्यांचा भार मूत्रपिंडावर पडतो. ईश्वरीसारख्या वनस्पतींतील ॲरिस्टोलोकिक आम्ल तर मूत्रपिंडास प्रत्यक्ष घातक आहे, हे विसरता येणार नाही.

प्रतिक्रिया व उपचार : बहुतेक गंभीर प्रतिक्रिया पहिल्या २० मिनिटांत उद्भवतात, म्हणून रुग्णास सुमारे अर्धा तास निरीक्षणाखाली ठेवतात. केवळ थोडे पित्त उठले असल्यास निरीक्षण व अँटिहिस्टामिन पुरेसे होते. परंतु श्वासास अडथळा, घशाची सूज, रक्तदाब घसरणे ही ॲनाफिलॅक्सिसची लक्षणे होत. येथे पहिले औषध ॲड्रेनालिन : प्रौढास १:१००० तीव्रतेचे ०.५ मि.लि. मांडीच्या बाहेरील बाजूस, मध्यभागी स्नायूत. सुधारणा न झाल्यास ५ मिनिटांनी पुन्हा. सोबत रुग्णास आडवे करून पाय उंच करणे, प्राणवायू व सलाइन. अँटिहिस्टामिन व स्टेरॉइड यांचे स्थान त्यानंतरचे. त्यांच्यासाठी ॲड्रेनालिनला विलंब होणे प्राणावर बेतू शकते. औषध शिरेबाहेर गेल्यास हात उंच ठेवून थंड शेक द्यावा. सूज किंवा वेदना वाढल्यास अथवा बोटे बधिर झाल्यास शल्यचिकित्सकास दाखवावे.

आपली विशेष जबाबदारी : काही त्वचाविकार तासाभरानंतर, क्वचित आठवडाभरानेही दिसतात. अशा रुग्णाचे निदान शीतपित्त म्हणून करण्यापूर्वी 'गेल्या आठ दिवसांत स्कॅन झाले होते काय?' हा प्रश्न अवश्य विचारावा. ताप, त्वचेवर फोड वा तोंडात व्रण असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. सौम्य प्रतिक्रियेतही औषधाचे नाव व दिनांक रुग्णाच्या कागदावर लिहून द्यावा. पुढील तपासणीच्या वेळी ही एक ओळच त्याचे प्राण वाचवू शकेल.