पडद्यामागची केबल

महागडी केबल लावली की तानपुऱ्याची जवारी जास्त खुलते, असं गाणं जाणणारी माणसं सांगतात. त्यांना तसं खरंच ऐकू येतं, म्हणून ते हसण्यावारी नेऊ नये. पण तो फरक केबलमधून येतो की केबल दिसल्यामुळे, याचा निवाडा वाद घालून होत नाही. केबल नजरेआड करावी लागते.

पुण्यात एका मित्राच्या घरी आम्ही तेच केलं. सीडी प्लेअर आणि डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचं ध्वनीच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र, पडद्यामागे, मधे कोॲक्सियल केबल. एक साधी, दुसरी तिच्या कितीतरी पट महाग. दोन्ही ७५ ओहमच्या. वाजवायला किशोरी आमोणकरांचा भूप, त्यातही आलापाचा तोच एक छोटा तुकडा, कारण आवाजाचे बारकावे कानात फार वेळ टिकत नाहीत.

आधी अ, मग ब, मग क्ष. क्ष म्हणजे या दोघींपैकीच एक. कोणती ते छापा-काटा ठरवणार. अशा १६ फेऱ्या. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के, म्हणून १२ ही आमची रेघ. केबल बदलायची नसली तरी दर वेळी काढून पुन्हा खोचायची, नाहीतर खुडबुडीवरूनच कळेल. पडद्यामागच्याने तोंड उघडायचं नाही. छापा-काटा सलग चार वेळा एकच बाजू देतो, तेव्हा ऐकणारे अस्वस्थ होतात. ‘आता तरी दुसरी असेल’ हा विचार कानाच्या आधी धावतो.

उघड्या डोळ्यांनी ऐकताना सगळ्यांची मतं ठाम होती. पडदा पडल्यावर कागद पुन्हा पुन्हा खोडले गेले. कोणीच रेघेपर्यंत पोचलं नाही. बहुतेकांची उत्तरं निम्म्याच्या आसपास.

मग यांचे कानच कमी पडले का? हे तपासल्याशिवाय अशी चाचणी अपुरी राहते. म्हणून न सांगता आणखी काही फेऱ्या घेतल्या. केबल तीच, फक्त दुसऱ्या खेपेला आवाज दोन डेसिबलने चढवलेला. फरक जवळजवळ प्रत्येकाने ओळखला, आणि ‘मोठा’ असं कोणीच म्हटलं नाही. ‘मोकळा’, ‘भरदार’, ‘जवळचा’ म्हटलं. कान तल्लख होते.

केबलवाल्यांचा जिटरचा मुद्दा मला पोकळ वाटत नाही. सीडीचे सेकंदाला ४४,१०० नमुने या केबलमधून जातात, आणि ते कोणत्या क्षणी वाजवायचे याचा ठेकाही त्याच सिग्नलमध्ये असतो. केबलमुळे तो किंचित हलू शकतो, तोच जिटर. चांगला डॅक तो पुन्हा सावरतो. केबल खरोखर सदोष असेल तर जवारी मंदावत नाही. खटखट येते, सूर मधेच तुटतो. दोन यंत्रांचं अर्थिंग तारेतून जोडलं जाऊन घूंऽऽ येत असेल, तर ऑप्टिकल केबल लावल्यावर ती थांबते, कारण तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. तो फरक ओळखायला पडदा लागत नाही.

मित्राने महाग केबल काढली नाही. त्याला ती आवडते, आणि ते कारण मला पुरेसं वाटतं. मग भिंतीला चिकटलेले स्पीकर आम्ही हातभर पुढे ओढले. खर्जातली घुमी कमी झाली, तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येऊ लागल्या. त्याचीही चाचणी पडदा लावूनच घ्यायची, असं ठरलं आहे.