फुलोरा लवकर, गारठा तसाच

जर्मनीतल्या हॅम्बुर्गला लागून, एल्बे नदीच्या काठी 'आल्टेस लांड' नावाचा मुलूख आहे. जवळपास 10 हजार हेक्टरांवर सलग फळबागा, त्यात बहुतांश सफरचंद. इथल्या गेल्या सत्तर वर्षांचा मागोवा घेतला, तर हवा उबदार होत गेली तरी बागायतदाराच्या मनातली थंडीची धास्ती गेली नाही, हे ठळकपणे दिसतं.

सफरचंदाला थंडी लागतेच. नागपूरचा संत्रा बागायतदार आंबिया बहारासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतो. सफरचंदाला हा ताण हिवाळा देतो. जुन्या वाणांना शून्य ते सात अंशांदरम्यानचे सुमारे हजार तास हवे असतात. तेवढी विश्रांती मिळाली नाही, तर डोळे एकसारखे फुटत नाहीत. जर्मनीत हा कोटा अजून सहज भरतो. बदल झाला तो त्यानंतरच्या उबेत.

जर्मन हवामान खात्याकडे 1951 पासूनच्या फुलोऱ्याच्या नोंदी आहेत. गावोगावचे स्वयंसेवक ठरावीक झाडांवर लक्ष ठेवून तारखा टिपतात. सफरचंद फुललं की वसंत ऐन भरात आला असं मानतात. पूर्वी आल्टेस लांडमध्ये हा फुलोरा मेच्या सुरुवातीला येई. योर्क गावचा फुलोत्सवही मेच्या पहिल्या शनिवार-रविवारी भरतो. आता एप्रिलमध्येच झाडं फुलतात आणि कित्येकदा उत्सवाआधीच पाकळ्या गळून गेलेल्या असतात.

उबेने दिलंही बरंच. उशिरा पिकणारं ब्रेबर्न सफरचंद पूर्वी या उत्तर भागात नीट पिकत नसे, आता पिकतं. पण लवकर उमललेलं फूल एप्रिलच्या गारठ्यात सापडतं. उणे दोन अंशांच्या आसपास त्याचा गाभा करपू लागतो. 2017 च्या एप्रिलमध्ये असंच झालं. आदल्या वर्षी जर्मनीत दहा लाख टनांहून अधिक सफरचंद निघालं होतं, ते सहा लाखांवर घसरलं. 2018 मध्ये उत्पादन पुन्हा बारा लाखांच्या घरात गेलं. 2024 च्या एप्रिलमध्ये सॅक्सनीतल्या बागा अशाच होरपळल्या.

यावरचा उपाय पाहणाऱ्याला उलटा वाटतो. गोठवणाऱ्या रात्री बागायतदार फुलांवर तुषार सिंचन सुरू करतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या कवचातलं फूल शून्याच्या आसपास टिकतं. पाणी मात्र मध्येच थांबून चालत नाही. म्हणून बागांलगत तळी खोदली आहेत.

उष्ण प्रदेशांनी दुसरी वाट धरली. इस्रायलच्या 'ॲना' वाणाला थंडीचे फार कमी तास पुरतात. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी कमी थंडीवर येणारं 'एचआरएमएन-99' हे सफरचंद पुढे आणलं. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ते लावलं आहे. मैदानी भागात ते फेब्रुवारीच्या सुमारास फुलतं आणि उन्हाळ्यातच फळ देतं.

जर्मनीचा अनुभव इथे कामाचा आहे. वाण किती थंडीवर भागवतो, एवढंच पाहून पुरत नाही. तो कधी फुलतो आणि त्या दिवसांत आपल्या गावात काय कोसळतं, हेही पाहावं लागतं. आपल्याकडे ती गारपीट असेल किंवा अवकाळी पाऊस. त्यासाठी तारखांची नोंद हवी. आपल्याकडे सफरचंद लावणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या फुलाची तारीख यंदापासूनच लिहून ठेवावी.