आकडा गहाळ, उत्तर हजर

एक भरीव लाकडी गोळा घ्या. त्याच्या बरोबर मध्यातून आरपार, सरळ भोक पाडा. भोकाची लांबी भरली सहा सेंटिमीटर. आता लाकूड उरलं किती? गोळ्याची त्रिज्या दिलेली नाही, भोक किती रुंद तेही सांगितलेलं नाही. दहावीतला विद्यार्थी म्हणेल, छापताना एक ओळ गळलेली दिसते.

ओळ गळलेली नाही. उत्तर ३६ पाय, म्हणजे सुमारे ११३ घन सेंटिमीटर. गोळा संत्र्याएवढा असो की पृथ्वीएवढा, उत्तर तेच. गोळा मोठा घेतला, तर भोकाची लांबी सहा सेंटिमीटरच राहावी म्हणून ते रुंद पाडावं लागतं आणि शेवटी हातात उरतं बांगडीसारखं पातळ कडं. घेर वाढतो, जाडी घटते आणि हिशेब फिटतो. अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी लोकप्रिय केलेल्या या कोड्याला एक पळवाटही आहे. उत्तर त्रिज्येवर अवलंबून असतं, तर त्रिज्या दिली असती. दिली नाही, त्याअर्थी कोणतीही चालावी. मग भोकाची रुंदी शून्यच धरू. सहा सेंटिमीटर व्यासाच्या अख्ख्या गोळ्याचं घनफळ काढलं की झालं. अर्थात ही सिद्धता नव्हे. कोडं घालणाऱ्यानं ते नीट घातलंय, यावर इथे भिस्त आहे.

म्हणजे काही माहिती नसते, कारण ती लागतच नाही. दुसऱ्या प्रकारात ती खरोखरच कमी असते, पण एखादी साधी अट तिची जागा भरून काढते. १७ रुपयांची वही आणि ५ रुपयांचं पेन. दोन्ही वस्तू घेऊन बरोबर १०० रुपये संपवले, तर प्रत्येकी किती घेतल्या? समीकरण एक, अज्ञात दोन. शाळेतल्या नियमानं हे सुटायला नको. पण अर्धी वही कुणी विकत नाही! पूर्णांकांची ही अट लावली की पाच वह्या आणि तीन पेनं, एवढं एकच उत्तर शिल्लक राहतं.

अशा अनिश्चित समीकरणांवर भारतीय गणितींनी शतकानुशतकं काम केलं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त त्यासाठी कुट्टकाची रीत आहे. 'बीजगणिता'त तर त्यांनी एका वर्गसंख्येची ६१ पट करून त्यात १ मिळवल्यास पुन्हा वर्गसंख्या यावी, असा प्रश्न घेतला आणि चक्रवाल पद्धतीनं सोडवला. सर्वांत लहान उत्तरासाठी मूळ संख्या निघते २२,६१,५३,९८०. हे बाराव्या शतकातलं काम. हेच उदाहरण फ्रेंच गणिती फर्मानं १६५७ मध्ये युरोपातल्या गणितींना आव्हान म्हणून घातलं.

भौतिकशास्त्रात मात्र पूर्णांकांची मदत नसते. तिथे एककं कामी येतात.

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुबॉम्ब चाचणी झाली. तिची ताकद गोपनीय होती. स्फोटाची छायाचित्रं मात्र १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांवर वेळ व मोजपट्टी छापलेली होती. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांना तेवढं पुरलं. स्फोटानंतर ०.०२५ सेकंदानं आगीच्या गोळ्याची त्रिज्या सुमारे १३० मीटर. हवेची घनता दर घनमीटरला सव्वा किलो. त्रिज्या, वेळ आणि घनता या तिघांतून ऊर्जेचं एकक जुळवायची एकच रीत आहे: त्रिज्येचा पाचवा घात गुणिले घनता, भागिले वेळेचा वर्ग. आकडे घातले की सुमारे १७ ते १८ हजार टन टीएनटीएवढी ऊर्जा येते. टेलर यांचं १९५० मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तरही १७ हजारांच्या आसपासच होतं. पुढच्या काटेकोर मोजमापांनी ते २१ ते २५ हजारांवर नेलं. बॉम्बच्या पोटात काय होतं, हे या आकडेमोडीत कुठेच आलेलं नाही.

भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी तर त्या पहाटे स्फोटापासून सुमारे १६ किलोमीटरवर हजर होते. धक्क्याची लाट आली तेव्हा त्यांनी हातातले कागदाचे कपटे सोडले. ते अडीच मीटरभर सरकले. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, १० हजार टन. निम्म्यानं चुकला म्हणायचा, पण कपट्यांच्या भांडवलावर हे काही थोडं नव्हे.

दुसऱ्या महायुद्धातच दोस्तराष्ट्रांना जर्मनीचे रणगाडे मोजायचे होते. हेरांच्या बातम्यांनुसार ऑगस्ट १९४२ मध्ये महिन्याला १,५५० रणगाडे बनत होते. संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या रणगाड्यांवरचे अनुक्रमांक पाहिले. कल्पना सोपी आहे. समजा १९, ४०, ४२ आणि ६० हे चार क्रमांक मिळाले. शेवटच्या क्रमांकापुढेही काही रणगाडे असणारच, साधारण क्रमांकांमधल्या सरासरी अंतराएवढे. म्हणून ६० अधिक ६० भागिले ४, वजा १, म्हणजे ७४. संख्याशास्त्रज्ञांचा त्या महिन्याचा अंदाज होता ३२७. युद्धानंतर जर्मन दप्तरात आकडा सापडला ३४२.

इतक्या करामती वाचल्यावर कोणत्याही गणिताला उत्तर असतंच, असा समज व्हायला नको. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे १९८०च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारण्यात आलं, "जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती?" ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून उत्तर काढलं. २६ अधिक १०, छत्तीस. कप्तानाला शोभेसं वय! मुलं ढ नव्हती. वर्गातल्या प्रत्येक गणिताला उत्तर असतं आणि दिलेला प्रत्येक आकडा वापरायचा असतो, हेच त्यांना शाळेनं शिकवलं होतं.

आपल्याकडेही चित्र फारसं वेगळं नाही. दिलेली माहिती पुरेशी आहे का, एवढंच विचारणारे प्रश्न केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेच्या अभ्यासक्रमात आहेत. पण तिथे पोचेपर्यंत उमेदवार पदवीधर झालेला किंवा होत आलेला असतो. शिक्षकांनी आणि पालकांनी पाचवी-सहावीपासूनच दर दहा गणितांत एक तरी असं घालावं, ज्याचं बरोबर उत्तर 'माहिती अपुरी आहे' हे असेल. आणि नेमकं काय कमी आहे, हे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.